रेंटन: तांबड्या कापडाच्या गावातले जगज्जेते

रेंटनच्या फलाटावर उतरल्या उतरल्या नाकाला रुमाल लावू नका. गावकऱ्यांच्या ते लक्षात येईल, आणि आवडणार नाही. हा वास त्यांच्या पोटापाण्याचा आहे: खवट तेल, शेण, ओलं सूत, दगडी कोळशाचा धूर, आणि या सगळ्यावर घशाला खवखवणारं कसलंतरी रसायन. तारीख आहे 19 मे 1888, वार शनिवार. स्कॉटलंडच्या डंबार्टनशायरमधलं हे गाव लेव्हन नदीच्या पश्चिम काठावर वसलंय. लोमंड सरोवरातून निघालेली नदी जेमतेम दहा किलोमीटर धावते आणि डंबार्टनपाशी क्लाइडला मिळते. पाणी अगदी मऊ. त्या पाण्यासाठीच इथे आधी कापड धुणारे आले, मग रंगारी आले आणि शेवटी चिमण्या उभ्या राहिल्या.

तुमच्या अंगात लोकरीचा जाड कोट, डोक्यावर टोपी, पायात खिळे ठोकलेले बूट. खिशात थोडे पेन्स आहेत, ते जपून ठेवा, दुपारी लागतील. कुठून आलात असं कुणी विचारलं तर बेलाशक ‘मुंबई’ सांगा. इथे ते नाव सगळ्यांना ठाऊक आहे. लंडनला न गेलेला माणूससुद्धा मुंबईच्या नावाची गाठोडी रोज बांधतो.

सामना ग्लासगोत आहे, दुपारी. तेवढ्या वेळात कारखाना पाहून घ्या.

विल्यम स्टर्लिंग अँड सन्स या कंपनीचे डॅलकर्न आणि कॉर्डेल असे दोन कारखाने गावाला अगदी लागून आहेत. इथे निघतो तो ‘टर्की रेड’. उन्हात, पाण्यात, साबणात, कशातच न उतरणारा लाल. हा रंग सहजासहजी चढत नाही. सुती कापड तेलाच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. जुन्या पद्धतीत त्या तेलात शेण किंवा मेंढ्यांच्या लेंड्या कालवत, मग तुरटी, मग मंजिष्ठाच्या मुळांचा रंग, आणि त्या रंगाच्या कढईत बैलाचं रक्त. एकेक ठाण तयार व्हायला कित्येक आठवडे लागत. आता मंजिष्ठाची जागा आलिझरिन या कारखानी रंगाने घेतली आहे, आठवड्यांचे दिवस झाले आहेत, पण तेलाची आणि पाण्याची कटकट संपलेली नाही. बाष्पाने भरलेल्या त्या लांब खोल्यांत बायका आणि पोरी जास्त दिसतील. कोपरापर्यंत लाल झालेले हात पाहून दचकू नका.

गोदामात एखाद्या ठाणाचं टोक उलगडून बघा. लाल जमिनीवर पिवळ्या-निळ्या पिसाऱ्याचा मोर. शेजारच्या ठाणावर आपल्या बांधणीची हुबेहूब नक्कल. गाठोड्यावर चिकटवायची रंगीत तिकिटं वेगळी ठेवली आहेत. त्यांवर हत्ती आहेत, देवदेवता आहेत, काहींवर देशी लिपीतली अक्षरं. ज्यांनी ही चित्रं काढली त्यांतल्या कुणी आयुष्यात मोर नाचताना पाहिला असेल का, देव जाणे. पण मुंबईच्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला काय आवडतं ते त्यांना नेमकं माहीत होतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या पेटीत या नदीत धुतलेला एखादा लाल तुकडा असणं सहज शक्य आहे.

आता भोंगा वाजेल, कारण आज शनिवार. कायद्याने गिरण्यांना शनिवारी दुपारी सुट्टी द्यावी लागते. ही गोष्ट साधी वाटते, पण इथल्या फुटबॉलचं मूळ शोधायचं तर या भोंग्याशीच थांबावं लागतं. या घडीला मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची एक ठरलेली सुट्टीही नाही. नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी सभा घेताहेत, अर्ज करताहेत, आणि रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावं लागणार आहे. रेंटनच्या रंगाऱ्याला अर्धा दिवस मिळाला आणि त्याने तो चेंडूमागे घालवला.

हा खेळ इथे जुना म्हणावा तर तसाही नाही. सोळा वर्षांपूर्वीपर्यंत या खोऱ्यातली पोरं शिंटी खेळत; वाकड्या काठ्यांनी चेंडू हाणायचा डोंगराळ मुलखातला खेळ. 1872 मध्ये ग्लासगोचा क्वीन्स पार्क क्लब खोऱ्यात आला आणि त्याने फुटबॉल कसा खेळतात ते दाखवलं. त्याच वर्षी शेजारच्या अलेक्झांड्रिया गावात व्हेल ऑफ लेव्हन, डंबार्टनमध्ये डंबार्टन आणि इथे रेंटन असे तीन क्लब निघाले. दुसऱ्या टोकाला चालत जाता येईल एवढं हे खोरं. 1877, 1878, 1879 अशी सलग तीन वर्षं स्कॉटिश कप व्हेल ऑफ लेव्हनने नेला, 1883 मध्ये डंबार्टनने, 1885 मध्ये रेंटनने. आणि त्या अंतिम सामन्यात रेंटनने हरवलं ते शेजारच्या व्हेल ऑफ लेव्हनलाच. सख्ख्या शेजाऱ्यांचं भांडण कसं रंगत असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

रेंटनची वस्ती आहे सुमारे पाच हजार. त्यात डोंगराळ भागातून उतरलेले स्कॉटिश आहेत आणि दुष्काळानंतर समुद्र ओलांडून आलेली आयरिश कुटुंबंही. स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत दोन्ही तऱ्हेचे हेल ऐकू येतील. गर्दीबरोबर चला.

गाडीत शेजारी बसलेला म्हातारा तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्याशिवाय सोडणार नाही. पहिली, 18 ऑक्टोबर 1873 ची. स्कॉटिश कप सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी रेंटनने किल्मारनॉकला 2–0 ने हरवलं होतं. किल्मारनॉकचे दहाच गडी आले होते हे तो सांगणार नाही. दुसरी, ‘चिकन ब्री’ची. रेंटनची पोरं एवढी दमदार का, तर त्यांना हे पेय पाजतात. नावात कोंबडी असली तरी ते पोर्ट वाइनमध्ये अंडी फेटून करतात, असं म्हणतात. म्हातारा पाककृती सांगताना आवाज खाली आणतो. खोऱ्यातल्या प्रत्येक घराला ती माहीत आहे.

आज सामना कशाचा, तेही ऐकून घ्या. 4 फेब्रुवारीला रेंटनने कॅम्बसलँगचा 6–1 असा धुव्वा उडवून पुन्हा स्कॉटिश कप जिंकला. तिकडे 24 मार्चला लंडनच्या ओव्हलवर वेस्ट ब्रॉमविच आल्बियनने बलाढ्य प्रेस्टन नॉर्थ एंडला 2–1 ने हरवून इंग्लंडचा एफ. ए. कप उचलला. मग दोन्ही देशांचे विजेते समोरासमोर आणायचं ठरलं, आणि जाहिरात झाली ती थेट ‘युनायटेड किंग्डम आणि जगाच्या अजिंक्यपदा’ची. जग म्हणजे काय, तर क्लाइड नदीपासून बर्मिंगहॅमच्या धुरापर्यंत. हसू येतं खरं, पण या दाव्याला आव्हान देणारा दुसरा कुणी त्या वर्षी दिसत नाही. आपल्याकडे सिमल्याला याच 1888 मध्ये ड्युरँड कप सुरू झाला, आणि त्याच्या पहिल्या अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला 2–1 ने हरवलं. म्हणजे हिमालयातही स्कॉटिशच स्कॉटिशांशी खेळत होते.

ग्लासगोचं हॅम्पडन पार्क. आज तुम्ही टीव्हीवर पाहता ते हे नव्हे. क्वीन्स पार्कचं त्याच नावाचं हे दुसरं मैदान. पेन्स काढा, फिरत्या फाटकातून आत जा आणि दोरीपाशी जागा धरा. आकाश काळवंडलंय. थोड्याच वेळात असा पाऊस कोसळणार आहे की पलीकडचा गोल दिसेनासा होईल. कोटाची कॉलर वर करा.

मैदानाकडे नीट पाहा. काय काय नाही ते आधी दिसेल. गोलाला जाळी नाही. ती यायला अजून तीन वर्षं आहेत. चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, यावर दर आठवड्याला कुठेतरी मारामारी होते. पेनल्टी किक नाही, तिचा चौकोनही नाही. मैदानात शिटी घेऊन पळणारा पंच नाही: दोन्ही बाजूंचा एकेक अंपायर आत असतो, खेळाडू त्यांच्याकडे दाद मागतात, आणि त्या दोघांचं जमलं नाही तरच रेषेबाहेर उभा असलेला रेफरी निकाल देतो. गोलरक्षकाचा शर्ट इतरांसारखाच. तो आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळू शकतो, आणि समोरचे त्याला चेंडूसकट ढकलून गोलात घालू शकतात. चेंडू चामड्याचा, जाड शिवणीचा. कोरडा असतो तेव्हा ठीक. आजच्यासारखा भिजला की डोक्याने मारणाऱ्याची धडगत नाही.

गडद निळे शर्ट ते रेंटनचे. त्यांतला मधला गडी हेरून ठेवा. जेम्स केली, वय बावीस, जन्म याच गावातला, घर आयरिश. दहाएक वर्षांपूर्वी संघ दोन बॅक, दोन हाफ आणि तब्बल सहा फॉरवर्ड असे उभे राहत. मग त्या सहांतला एक मागे ओढून दोन हाफच्या मध्ये ठेवायची पद्धत पडू लागली. केली त्या जागेवर खेळतो, आणि त्याचा खेळ पाहिल्यावर ती जागा का निर्माण झाली ते कळतं. चेंडू मागून आला की तो थांबवत नाही. अर्ध्या गिरकीत डाव्या बाजूला सरकवतो आणि लगेच स्वतः पुढे. इंग्लिश फॉरवर्ड पळत परत येतो तोवर चेंडू तिसऱ्याच माणसाकडे गेलेला असतो.

हा एकमेकांकडे चेंडू देण्याचा खेळ स्कॉटलंडची खासियत. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ ज्याच्या पायात चेंडू त्याने डोकं खाली घालून पळत सुटायचं अशी रीत होती. बाकीचे मागून धावत. म्हणून तिकडचे लोक स्कॉटिश खेळाडूंना ‘प्रोफेसर’ म्हणू लागले. रेंटनच्या पोरांना तर या खेळाची सवय दिवसभराचीच. एकाच कारखान्यात काम, एकाच गल्लीत घर, संध्याकाळी एकाच मैदानात सराव. कोण कुठे असेल हे मान वर न करता ठाऊक. नुसत्या गप्पा नव्हेत या. 1886–87 च्या हंगामात स्कॉटिश क्लबांना एफ. ए. कपमध्ये खेळता येत होतं, तेव्हा रेंटनने ब्लॅकबर्न रोव्हर्सला घरी पाठवलं होतं. आणि ब्लॅकबर्नने त्याआधी सलग तीन वर्षं तो कप जिंकला होता.

वेस्ट ब्रॉमविच लेचापेचा संघ नाही. त्यांच्याकडे बिली बॅसेटसारखा चपळ विंगर आहे. त्यांचीही पोरं कारखान्यांतलीच, लोखंडाच्या मुलखातली. पण पाऊस वाढतो, वीज कडाडते, जमिनीचा चिखल होतो, आणि त्या चिखलात निळे शर्ट अजूनही आखूड, नेमके पास देत राहतात. शेजारचा माणूस तुमचा दंड धरून ओरडतो. त्याच्या नखांच्या कडा लाल आहेत. साबणाने न गेलेला रंग पावसानेही जात नाही.

निकाल 4–1.

परतीच्या गाडीत ओल्या कोटांचा वास आणि बेसूर गाणी. रेंटनला उतरल्यावर टॉन्टिन पार्कवर जा. क्लबचं मैदान ते. पॅव्हिलियनवर फळी लागेल: ‘चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड’. पाच हजारांच्या गावाने स्वतःला दिलेली ही पदवी जगात कुणी खोडून काढलेली नाही.

मन भरून आलं असेल तर इथूनच घरी फिरा. पुढचं फारसं सुखाचं नाही. थांबणार असाल तर फक्त नऊ दिवस थांबा.

28 मे 1888. ग्लासगोच्या पूर्व भागात सेल्टिक नावाचा नवा क्लब आपला पहिला सामना खेळतोय, रेंजर्सविरुद्ध. गरीब आयरिश वस्तीतल्या पोरांच्या जेवणासाठी पैसे उभे करायचे म्हणून एका धर्मबंधूने काढलेला क्लब. सेल्टिक 5–2 ने जिंकतो. पहिला गोल करणारा चेहरा ओळखीचा वाटतोय? नील मॅककॅलम. आणि मध्यभागी गिरकी घेणारा तो जेम्स केली. दोघेही परवापरवापर्यंत रेंटनचे. एडिनबरोच्या हिबर्नियनचाही केलीवर डोळा होता. सेल्टिकच्या जॉन ग्लासने त्याला गाठलं आणि वळवलं. कागदोपत्री स्कॉटलंडमध्ये खेळण्याचे पैसे घेणं हा गुन्हा आहे. केली म्हणूनच हौशी खेळाडू. पुढे थोड्याच वर्षांत तो पबचा मालक झाला, आणि पुढे सेल्टिकचा अध्यक्षही. आमच्याकडे एखादा कबड्डीपटू बँकेत ‘कारकून’ म्हणून लागतो तेव्हा त्याच्या टेबलावर फायली किती असतात हे कुणी विचारत नाही, तसंच हे.

खरा भगदाडाचा रस्ता मात्र दक्षिणेला. इंग्लंडने 1885 मध्येच व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली होती, आणि 8 सप्टेंबर 1888 ला तिथे फुटबॉल लीग सुरू झाली. दर आठवड्याला सामना, दर आठवड्याला तिकीटविक्री, दर आठवड्याला पगार. इंग्लिश क्लबांचे दलाल स्कॉटलंडच्या गावांतून फिरू लागले. ठिकठिकाणी लोकांनी त्यांना चोपही दिला, पण घरच्या माणसाला किती दिवस चोपणार? ज्याच्या आईचे हात कोपरापर्यंत लाल आहेत त्याला खेळून पगार मिळणार असेल तर त्याला अडवायला कुठल्या तोंडाने जायचं? अँड्र्यू हॅना एव्हर्टनला गेला आणि 1890–91 मध्ये त्यांच्या विजेत्या संघाचा कर्णधार झाला. बॉब केल्सो गेला. जॉनी कॅम्पबेल संदरलँडला गेला. दर उन्हाळ्यात टॉन्टिन पार्कवर कुणी ना कुणी कमी.

आता मात्र तुम्हाला एका बंद खोलीत नेतो, कारण या सगळ्या कहाणीत मला सर्वांत चटका लावणारी जागा ही आहे. 20 मार्च 1890, ग्लासगो, ग्लासफर्ड स्ट्रीटवरचं होल्टन्स हॉटेल. क्लबांचे प्रतिनिधी जमले आहेत. विषय: इंग्लंडसारखी लीग आपल्याकडेही काढावी. या बैठकीचं पत्र धाडलं कुणी? रेंजर्सने नाही, सेल्टिकने नाही. पत्राखाली सही आहे पीटर फेअर्लीची, आणि फेअर्ली रेंटनचा सचिव.

त्याचं चुकलं असं म्हणायला जीभ वळत नाही. कपच्या सामन्यांवर गावाचं भागत नव्हतं. पहिल्या फेरीत हरलात की वर्षभर मैत्रीपूर्ण सामन्यांवर दिवस काढायचे, तेही समोरचा आला तर. ठरलेले सामने आणि ठरलेली आवक मिळाली तर निदान पोरं टिकतील, असा त्याचा हिशेब. क्वीन्स पार्कने मात्र हौशीपणाच्या बाण्याने लीगमध्ये यायला नकार दिला. त्यांना या वाटेच्या शेवटी पगार दिसत होता. एप्रिलअखेर लीग स्थापन झाली, अकरा क्लबांची. त्यांतले तीन, डंबार्टन, व्हेल ऑफ लेव्हन आणि रेंटन, लेव्हनच्या या चिमुकल्या खोऱ्यातले. पहिल्या हंगामाचं अजिंक्यपद डंबार्टनने रेंजर्सबरोबर वाटून घेतलं आणि पुढच्या वर्षी एकट्याने जिंकलं. खोऱ्याचा दिवा विझण्यापूर्वी चांगलाच मोठा झाला.

रेंटनचं काय झालं? 16 ऑगस्ट 1890 ला, लीगच्या अगदी पहिल्या दिवशी, सेल्टिक पार्कवर जा. ज्या क्लबने गावातले हिरे उचलले त्याच्याच घरी रेंटन 4–1 ने जिंकतं. हा निकाल तुम्ही डोळ्यांनी पाहून घ्या, कारण लीगच्या तक्त्यात तो सापडणार नाही.

त्याचं असं झालं. एडिनबरोच्या सेंट बर्नार्ड्स या क्लबवर चोरून पैसे दिल्याचा ठपका आला आणि स्कॉटिश असोसिएशनने त्याला बंदी घातली. क्लबने ‘एडिनबरो सेंट्स’ असं नाव लावून सामने खेळायचा घाट घातला, आणि रेंटन त्यांच्याशी खेळलं. टोपी बदलली म्हणून माणूस ओळखू येत नाही, असं असोसिएशनला वाटलं नाही. सप्टेंबरअखेर रेंटनची हकालपट्टी. लीगचे पाच सामने झाले होते, ते सगळे पुसले. ज्याच्या पत्रावर लीग उभी राहिली तो क्लब दोन महिन्यांत बाहेर! बाकीचे किती धुतल्या तांदळासारखे होते ते न विचारलेलं बरं. त्या काळात जवळपास प्रत्येक मोठ्या क्लबकडे दोन वह्या असाव्यात असा बोलबाला होता. पकडलं गेलं ते गाव.

गावही कच्चं नव्हतं. रेंटनने थेट एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये दावा लावला, आणि 1891–92 च्या हंगामात क्लब लीगमध्ये परत आला. पण कोर्ट संघ परत देत नाही.

पुढची वर्षं भरभर ओलांडा. 1893 मध्ये स्कॉटलंडनेही व्यावसायिक खेळ मान्य केला. आता पगार उघड. ज्याचं फाटक मोठं त्याचा संघ मोठा. ग्लासगोत लाखो माणसं, ट्रामने मैदानावर येणारी. रेंटनमध्ये तान्ह्या पोरांसकट सगळं गाव टॉन्टिन पार्कवर आणून उभं केलं तरी पाच हजार. 1893–94 मध्ये अठरा सामन्यांत एक विजय, आणि तक्त्याच्या तळाशी रेंटन.

दुसऱ्या डिव्हिजनमधला एक प्रसंग मात्र चुकवू नका. 1894–95 च्या हंगामात रेंटनचा सामना डंडी वाँडरर्सशी ठरलेला असतो. ठरलेल्या दिवशी वाँडरर्स वाट बघतात, रेंटन येतच नाही. रेंटन गेलंय क्वीन्स पार्कशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला, कारण तिथे पैसे जास्त सुटतात. गुण वाँडरर्सना बहाल होतात. ठरलेले सामने आणि ठरलेली आवक यांसाठी लीग मागणारं गाव लीगचा ठरलेला सामना बुडवून चार पैशांसाठी दुसरीकडे खेळतंय, आणि तेही लीगला नाकं मुरडणाऱ्या क्वीन्स पार्कशी. याहून नेमकं चित्र शोधून मिळणार नाही.

आणि तरी त्याच हंगामात हा दुसऱ्या डिव्हिजनचा संघ एकेक फेरी पार करत स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पोचला. 20 एप्रिल 1895, आयब्रॉक्स. समोर कोण? सेंट बर्नार्ड्स! ज्यांच्याशी खेळल्याबद्दल रेंटनला हाकललं होतं तेच. या वेळी खऱ्या नावाने, खऱ्या शर्टांत. सेंट बर्नार्ड्स 2–1 ने जिंकले. रेंटनच्या म्हाताऱ्यांनी त्या दिवशी ज्या शिव्या घातल्या असतील त्या तुम्ही तिथे असल्यामुळे तुम्हाला ऐकायला मिळतील. मला फक्त कल्पना करता येते.

सवड असेल तर आठवडाभर थांबा आणि एडिनबरो गाठा. 27 एप्रिलला टाइनकासलवर आणखी एक ‘जगज्जेतेपद’ खेळलं गेलं: स्कॉटिश लीगचे विजेते हार्ट्स विरुद्ध इंग्लिश लीगचे विजेते संदरलँड. संदरलँड 5–3 ने जिंकलं. इंग्लंडचा म्हणवणारा तो संघ खरं तर स्कॉटिश खेळाडूंचाच होता, आणि त्या हंगामात इंग्लिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा त्यांचा फॉरवर्ड होता जॉनी कॅम्पबेल. 1892 आणि 1893 मध्येही पहिला नंबर त्याचाच. त्या तिन्ही वर्षी संदरलँडने लीग जिंकली. रेंटनची पोरं अजूनही जगात पहिलीच येत होती. फक्त शर्ट लाल-पांढरे होते आणि पगार शनिवारी हातात पडत होता.

शेवटचा थांबा 1897 चा. हंगाम सुरू झाला, रेंटन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चार सामने खेळलं. तिजोरीत खडखडाट होता, प्रवासाचा खर्चही निघेना. क्लबने लीग सोडली. छोट्या स्थानिक स्पर्धांत नाव आणखी काही वर्षं तगलं, 1922 पर्यंत कसंबसं; लीगमध्ये मात्र पुन्हा कधी नाही. खोऱ्यातल्या रंगाऱ्यांचीही तीच गत व्हायला लागली होती. मुंबईच्या बाजारात इतर देशांचा आणि देशी गिरण्यांचा माल भाव पाडत होता, तेव्हा 1898 मध्ये इथल्या मोठ्या कारखान्यांनी एकत्र येऊन युनायटेड टर्की रेड कंपनी काढली. कारखान्यांना एकत्र होता आलं. तिन्ही क्लबांनी एक व्हावं, असं म्हणायची छाती अलेक्झांड्रियात, डंबार्टनमध्ये किंवा रेंटनमध्ये कुणाला झाली असती असं मला वाटत नाही. म्हणाला असता तर त्याला इंग्लिश दलालांच्याच रांगेत बसवला असता.

त्या 1897 च्या हंगामातली रेंटनची जागा लीगने हॅमिल्टन अकॅडमिकलला दिली. उरलेले सामने तेच खेळले.